रस्ता उत्तम

आमच्या वाडीत साल आकड्यानं कुणी सांगत नसे. अमक्याचा जन्म कधीचा, तमकीचं लग्न कधी झालं, असं विचारलं की उत्तर यायचं, "रेडा पोहत आला त्या साली." वाडीतल्या एकानं पलीकडच्या गावात रेडा विकला, तर तो धरणाचं पाणी पोहून दुसऱ्या दिवशी आपल्या दावणीला हजर. घेणारा येऊन घेऊन गेला, हा परत आला. तिसऱ्यांदा आल्यावर घेणाऱ्यानंच हात टेकले. तेच ते साल. दुसरं एक होतं 'दोन वरातींचं साल'. वाडीतल्या दोन मुलींची लग्नं दोन दिवसांच्या अंतरानं होती, पाणी अवेळी चढलं, पहिली वरात परत जाईना आणि दुसरीला मांडव मोकळा मिळेना. शेवटी एकाच मांडवात दोन्ही वऱ्हाडं जेवली, आणि म्हणे श्रीखंड कुणाच्या वाट्याला जास्त आलं यावरून दोन व्याह्यांनी पुढं वर्षभर एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. पुढं मी नर्स झाले आणि म्हाताऱ्यांची वयं कागदावर लिहायची वेळ आली, तेव्हा हीच सालं जुळवत बसावं लागायचं. बरोबरच्या पोरी हसायच्या. मला मात्र त्यात कधी हसण्यासारखं वाटलं नाही, कारण या सालांखेरीज आमच्या वाडीचा दुसरा इतिहास कुणी लिहिलेलाच नव्हता.

वाडी म्हणजे भाटघर धरणाच्या फुगवट्यातली एक टेकडी आणि तिच्यावर तेवीस घरं. खालचं मूळ गाव इंग्रजांच्या काळातच पाण्याखाली गेलं होतं. आमचे पणजोबा-खापरपणजोबा घराची आढी-वासे उचलून वर चढले आणि टेपावर, म्हणजे टेकाडावर, बसले, म्हणून नाव टेपवाडी. उन्हाळ्यात पाहाल तर आम्ही बेटावर राहतो हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. पाणी पार खाली गेलेलं असायचं, उघड्या पडलेल्या गाळात भुईमूग नि काकड्या लावलेल्या असायच्या, आणि टेकडीवरून पलीकडच्या गावाला सरळ बैलगाडीची वाट जायची. ती वाट मधोमध एका ओढ्यात उतरून परत चढायची. आषाढात धरण भरायला लागलं की आधी ओढ्यात पाणी घुसायचं, मग वाट बुडायची, मग दोन्ही बाजूंची शेतं बुडायची, आणि ती वाट पुन्हा दिसायची ती थेट शिमग्याला. मधले आठ महिने आमच्या चारी बाजूंना पाणी. वाट निघाली की वाडीतली सगळ्यात वडील बाई हातात नारळ घेऊन ओल्या चिखलातून पहिली चालत जायची आणि तिच्यामागून वाडी. त्याआधी कुणी पाऊल टाकायचं नाही, अगदी कितीही घाई असली तरी.

पाणी किती चढलं हे आम्हाला दगड सांगायचे. वाटेच्या कडेला उतारावर तीन मोठे दगड होते. सगळ्यात खालचा पाटा, त्याच्यावर उखळ, आणि सगळ्यात वर पाठीत वाकलेली म्हातारी. पाटा बुडाला की गुरं अलीकडं आणायची. उखळ बुडालं की मीठ, मिरची, रॉकेल भरून घ्यायचं. आणि म्हातारीचे पाय भिजले की ज्याला जायचं त्यानं जावं, यायचं त्यानं यावं, दोन-तीन तासांत वाट बंद. हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. सकाळी उठून तोंड धुण्याआधी आम्ही दगड बघायचो.

आमच्या घरात पाच माणसं. दादा, म्हणजे माझे वडील. आई. माझा धाकटा भाऊ. मी. आणि दादांची थोरली बहीण, सखूआत्ती. आत्ती मार्गासनीला दिलेली होती. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, दिरांनी वाटण्या केल्या. तिला विचारलं, काय हवं? लोकांना वाटलं, भांडीकुंडी मागेल, गाय मागेल. आत्तीनं गुऱ्हाळावरची गुळाची काहील मागितली. चार माणसं पाय पसरून बसतील एवढी लोखंडी, पसरट, काठाला कड्या असलेली. दीर म्हणाले, "वैनी, तिकडं उसाचं टिपरू न्हाई, काय करणार काहिलीचं?" आत्ती म्हणाली, "ते माझं मी बगीन." बैलगाडीत पालथी घालून ती काहील डोंगर ओलांडून आमच्या वाडीला आली, वाडीनं ती पाण्यात सोडली, आणि त्या वर्षापासून आम्ही आठ महिने तिच्यातून ये-जा करू लागलो. त्याला 'काहिलीचं साल' म्हणतात. आत्तीला याचा एवढा अभिमान की कुणी तिला वय विचारलं तरी ती काहिलीपासून मोजायची.

त्या घरातले आवाज अजून कानात आहेत. पहाटे आत्तीचं जातं, पाठोपाठ आईच्या हातची नाचणीची भाकरी थापल्याचा थप थप आवाज, कौलांवर पाऊस, आणि खाली, सगळ्या आवाजांच्या खाली, पाण्याचं काठाला लागणं. पावसाळ्यात भाजीपाला बाजारातून यायची सोयच नव्हती. कुर्डू, टाकळा, भारंगी जे उगवेल ते चुलीवर. दादा ओढ्याच्या तोंडाला जाळं लावायचे, मग रात्रीला मासळीचं कालवण आणि आंबेमोहोराचा भात. भोरच्या माझ्या घरी आता गॅस आहे, फ्रीज आहे, सून हौसेनं सगळं करते. पण त्या कालवणाची चव मी तिला समजावून सांगायला गेले की ती म्हणते, "आई, तुम्हाला भूक लागलेली असायची हो." असेल. पोरगी बोलते ते अगदीच खोटं नाही.

वाडीत शाळा चौथीपर्यंत. पाचवीपासून पलीकडच्या गावात जायचं. तिथं आमचं जवळचं कुणी नव्हतं की ठेवून घेईल, म्हणून रोज काहिलीतून. काहिलीची एक खोड होती. तिला पुढचं-मागचं काही कळत नसे. एका बाजूनं वल्हवलं की ती भोवऱ्यासारखी जागच्या जागी फिरायची. म्हणून दोघांनी समोरासमोर बसायचं, दोघांनी एकदम वल्हवायचं, आणि मधे कुणी हलायचं नाही, शिंकसुद्धा आली तर नाक दाबायचं. मी त्यात पटाईत होते. वाडीतून पाचवी ओलांडलेल्या मुलींत मी पहिली आणि एकटीच. सातवीच्या वर्षी मार्गशीर्षात एकदा वारा उठला, कुणाची तरी शेळी घाबरून उभी राहिली आणि काहील एका अंगावर गेली. आम्ही पाचजण पाण्यात. मला दादांनी वेणीला धरून बाहेर काढलं. जीव कुणाचा गेला नाही, माझं दप्तर तेवढं गेलं. पण काठावर उभ्या असलेल्या आईनं ते सगळं पाहिलं होतं. मला कोरडं करता करता ती म्हणाली, "बास झालं. आता काहिलीत पोर बसायचं न्हाई. ही तर न्हाईच न्हाई." वाडीतल्या सगळ्या आयांनी तेच ठरवलं. काहील काठावर पालथी पडली. मी शिमग्यापर्यंत घरी बसले, वाट निघाल्यावर चालत जाऊन परीक्षा दिली, आणि सातवी पास झाले.

पुढं काय, हा प्रश्न होता. जून-जुलै वाट उघडी असते, तेवढी आठवी होईल. मग? मामा एक-दोनदा येऊन वेल्ह्याकडचं एक स्थळ सुचवून गेले होते. पोराची जमीन होती, स्वभाव चांगला होता, सगळं चांगलंच होतं. ते सगळं चांगलं ऐकायला लागलं की मी उठून गोठ्यात जायचे. मला शिकायचं होतं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. पलीकडच्या हायस्कुलात भिंतीवर माणसाच्या शरीराचं मोठं चित्र होतं, आत काय काय असतं ते रंगवून दाखवलेलं, आणि त्यातली सगळी नावं मला वाचायची होती, एवढंच. हायस्कूलचे हेडमास्तर चांगले होते. त्यांनी दादांना स्वच्छ सांगितलं, "गणपतीपर्यंत मी हिचं नाव पटावर ठेवतो. त्यानंतर मला कमी करावं लागेल."

म्हणून वाडीनं अर्ज केला. आमच्या वाडीला सरकारी होडी द्यावी. पाहणीला साहेब येणार असा निरोप आला तो वैशाखात. आणि इथं आमच्या वाडीनं जो घोळ घातला, तो दुसऱ्या कुणाला जमला नसता. साहेब येणार म्हटल्यावर वाडी हरखून गेली. बायांनी सगळी वाट झाडून काढली. ओढ्यातले खड्डे गड्यांनी मुरूम टाकून बुजवले. वाटेच्या दोन्ही कडांचे दगड चुन्यानं रंगवले. म्हातारीलासुद्धा चुना लावला. टेकडीच्या पायथ्याला आंब्याच्या डहाळ्यांची कमान उभी केली. साहेब मोटारसायकलवरून त्या वाटेनं थेट मारुतीच्या देवळापर्यंत आले, एकदाही पाय न टेकता. आत्तीनं त्यांना पुरणपोळी वाढली. साहेबांनी चार खाल्ल्या, हात धुतले आणि म्हणाले, "आजी, या पुरणपोळीसाठी मी परत येणार." दादा त्यांना सांगत होते की आत्ता आपण उभे आहोत तिथून खाली सगळं पाणी असतं. साहेब मान हलवत होते, खाली भुईमुगाची हिरवी रानं बघत होते, आणि वहीत लिहीत होते.

पंधरा दिवसांनी कागद आला. वाडीत सरकारी मराठी वाचणारी मी एकटी. देवळाच्या पायरीवर उभं राहून मी मोठ्यानं वाचलं, "सदर वाडीस जाणेयेणेकरिता रस्ता उत्तम स्थितीत आहे." एवढं ऐकलं आणि वाडीनं टाळ्या वाजवल्या. कुणीतरी घरातून साखर आणली. रस्ता उत्तम! साक्षात सरकारनं लिहून दिलं. बाया एकमेकींना सांगायला लागल्या की आपण झाडलेला तुकडा किती स्वच्छ होता. माझ्याही तोंडात साखर होती, आणि पुढची ओळ मी वाचली ती तोंडात साखर घेऊनच. "सबब होडीची आवश्यकता दिसून येत नाही." सबब म्हणजे काय, एकानं विचारलं. मी सांगितलं. दादा हळूच म्हणाले, "आपुनच झाडली की रं वाट." साखर आणणाऱ्या बाईनं पदराचं टोक तोंडात घातलं आणि हसायला लागली, आणि मग सगळी वाडीच हसली, पण मी देवळामागं जाऊन रडले. मला त्या सगळ्यांचा राग आला होता, आणि माझाही, कारण म्हातारीला चुना लावायला मीच चढले होते.

दादा दोनदा कचेरीत जाऊन आले. एकदा पाहणी झाली, आता पुढच्या वर्षी, असं उत्तर मिळालं. पुढचं वर्ष उगवेपर्यंत मामांचं स्थळ थांबणार नव्हतं. तेव्हा आत्ती उठली. जून संपत आला होता. ती पायी गावात गेली, तिथून एसटीनं तालुक्याला गेली, कचेरीत साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, तुमी शब्द दिला हुता. बेंदराला पुरणपोळी हाय. माजी बैलं बगायला या." अर्जाचं, होडीचं एक अक्षर तिनं काढलं नाही. साहेब हसले, येतो म्हणाले. घरी येऊन आत्तीनं पायावर गरम पाणी घेतलं आणि आईला म्हणाली, "गूळ जरा जादा आण."

बेंदराच्या दिवशी सकाळी मी दगड बघायला गेले. पाटा कधीच गेला होता, उखळ बुडून वर हातभर पाणी होतं, म्हातारी कोरडी. डोंगरावर रात्रभर धो धो पडलं होतं आणि अजून पडत होतं. ओढ्यात घोट्याएवढं पाणी. साहेब मोटारसायकल पलीकडंच ठेवून, पँट वर दुमडून, फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून आले. बैल रंगवून, शिंगांना बेगड लावून उभे होते. साहेबांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. ओसरीवर पाट मांडला. आत्ती चुलीपाशी बसली होती आणि मला खुणेनं जवळ बोलावून कानात म्हणाली, "शेवंते, म्हातारीवर ध्यान ठेव. पाय भिजलं की मला येऊन सांग. दुसऱ्या कुणाला न्हाई."

तेव्हा मला कळलं तिच्या मनात काय होतं ते. मी पावसात पोतं डोक्यावर घेऊन म्हातारीपाशी जाऊन बसले. इतकं हळू पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. एका काडीएवढं चढायचं, मागं सरायचं, पुन्हा चढायचं. घरात साहेबांची पहिली पोळी झाली असेल, दुसरी झाली असेल. साहेब लवकर उठले तर? वाटेत थांबवायचं कसं? मी म्हातारीच्या पायाशी हात लावून बसले होते आणि मनात म्हणत होते, चढ की बाई, चढ, तुझ्या अंगाला चुना लावला त्याची माफी मागते. वाडीत पाण्याला चढ म्हणणारी मी पहिलीच असेन. बाकी सगळे जन्मभर त्याला नको म्हणत आले होते.

म्हातारीचे पाय भिजले. मी धावत घरी गेले आणि आत्तीच्या कानात सांगितलं. साहेब पाटावरून उठायच्या बेतात होते. आत्तीनं तोंडावरची रेषसुद्धा हलू दिली नाही. "बसा की साहेब. आत्ता कुटं कटाची आमटी उकळायला लागली. आमटीबिगर पोळी म्हंजे निम्मंच जेवान." आमटी खरोखर तयार होती, मी पाहिली होती. ती तिनं परत चुलीवर ठेवली. मग आमटी झाली. मग भजी झाली. मग तिनं मार्गासनीची, दिरांची, काहिलीच्या वाटणीची सगळी गोष्ट सांगितली, सुरुवातीपासून. साहेब जेवणात रमलेले, गोष्टीतही रमले. मग विडा. दोन अडीच तास असे गेले. शेवटी साहेब उठले, फाईल घेतली, आणि आम्ही सगळे त्यांच्यामागून वाटेपर्यंत गेलो.

वाट नव्हती. तीन-चार शेतांच्या रुंदीचं लालभडक पाणी होतं आणि मधे ओढ्याच्या जागी ते वळणं घेत चाललं होतं. साहेब काठावर उभे राहिले. त्यांना पोहता येत नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. त्यांनी दादांना विचारलं, "हे उतरेल कधी?"

"शिमग्याला उतरंल की," दादा म्हणाले.

साहेबांना वाटलं हा माणूस थट्टा करतोय. ते आधी चिडले. मग घरी वाट बघणाऱ्या बायकोचं सांगायला लागले. मग काठावर उकिडवे बसले. त्यांची दया यायला लागली, हे कबूल केलं पाहिजे. माणूस वाईट नव्हता. त्यानं डोळ्यांना दिसलं ते लिहिलं होतं. दादा म्हणाले, "साहेब, काहील हाय. दुसरं काय न्हाई." गड्यांनी पालथी काहील सरळ करून पाण्यात ढकलली. दादा पाण्यात उतरून मागून ढकलत नेणार होते, पण समोरासमोर वल्हवायला आत आणखी एक माणूस हवं होतं, आणि ते हलकं हवं, कारण साहेब चांगले अंगानं भरलेले, वर आत्तीच्या पुरणपोळ्या. त्या सगळ्या गर्दीत काहिलीची खोड हातात मुरलेलं आणि वजनानं हलकं असं एकच माणूस होतं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मग आईकडं.

आई माझा हात धरून उभी होती. तिच्या बोटांची पकड मला अजून मनगटावर जाणवते. ती पाण्याकडं बघत होती. त्या मार्गशीर्षातलंच पाणी ती बघत असणार. मग तिनं माझा हात सोडला, स्वतःचा पदर कमरेला खोचला, माझी वेणी उचलून डोक्यावर गच्च बांधली आणि म्हणाली, "जा. पर मधी हलू नगंस." आईच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं धाडस तिनं काठावर उभं राहून केलं.

आम्ही निघालो. साहेब एका बाजूला, हातात वल्हं आणि छातीशी फाईल. मी समोर. मागं पाण्यात दादांचं फक्त डोकं आणि काठाला धरलेले दोन हात. साहेबांना वल्हवता येईना, काहील फिरायला लागली. एकदा ते वाडीकडं तोंड करून, एकदा गावाकडं. मी ओरडले, "माझ्याबरोबर, साहेब! म्या एक म्हणलं की वल्हं मारायचं. एक! एक!" आणि साहेब, कचेरीत ज्यांच्यासमोर दादा टोपी काढून उभे राहायचे ते साहेब, माझ्या तालावर वल्हं मारायला लागले. काहील सरळ झाली. ओढ्याच्या वर ती थरथरली, साहेबांनी डोळे मिटले, मी नाही मिटले.

ओढा मागं पडल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं रोखून पाहत विचारलं, "पोरी, खरं सांग. आज वाट बुडणार हे तुम्हाला माहीत होतं ना?"

मागून दादांचा श्वास ऐकू येत होता. नाही म्हणावं तर सोपं होतं. हो म्हणावं तर साहेब चिडतील, होडी जाईल, माझी आठवी जाईल. पण त्यांनी वल्हं मारायचं थांबवलं नव्हतं, माझ्या तालावरच विचारलं होतं, आणि मला त्या माणसाशी खोटं बोलवेना. मी म्हणाले, "व्हय साहेब, म्हाईत हुतं. दगडाला पाणी लागलं तवाच कळलं. पर तुमाला आमी वैशाखातबी सांगितलं हुतं. तवा तुमी ऐकलं, पर तुमाला दिसलं न्हाई. मी सातवी पास हाय. मला आठवीला जायाचं हाय. रोज असंच."

साहेब तसेच माझ्या तालावर वल्हं मारत राहिले, पलीकडचा काठ येईपर्यंत. काहील गाळात रुतली, दादांनी त्यांना हात देऊन उतरवलं. ते तसेच भिजलेले गावातल्या चहाच्या टपरीत गेले, बाकावर बसले आणि फाईल उघडली. कोरा कागद काढला. पण वल्ह्यानं तळहात सोलून निघाले होते, पेन धरवेना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बाकावर सरकून जागा केली आणि म्हणाले, "मी सांगतो. तू लिही. सातवी पास आहेस ना?"

मी लिहिलं. ओल्या बोटांचा डाग पडू नये म्हणून हात झग्याला तीनदा पुसून लिहिलं. "सदर वाडीस रस्ता नाही." मग त्यांनी मला दगडांबद्दल विचारलं, आणि पाटा, उखळ, म्हातारी ही नावं सरकारी कागदावर गेली, कुठला दगड बुडाल्यावर काय बंद होतं त्याच्यासकट. शेवटी त्यांनी सांगितलं, "सबब होडी तातडीने देणे आवश्यक आहे." सबब लिहिताना मी हसले. साहेबांनी का म्हणून विचारलं, तर साखरेची गोष्ट सांगितली. तेही हसले, टपरीवाला हसला, पाण्यानं निथळणारे दादाही हसले. साहेबांनी खाली सही केली आणि दादांना म्हणाले, "तुमच्या बहिणीला सांगा, कटाची आमटी फार वेळ उकळली होती. पण चांगली झाली होती."

दुसऱ्या कुठल्याशा धरणावर पडून असलेली एक लाकडी होडी ट्रकवर घालून आली ती गौरी-गणपतीच्या आठ दिवस आधी. खाली डांबर लावलेली, दोन वल्ह्यांची, पुढचं-मागचं कळणारी होडी. अख्खी वाडी काठावर. हलगी आणली होती. पहिलं कुणी बसायचं, तर शिमग्याच्या वाटेसारखं वडील बाईनं. पण त्या वडील बाईनंच नारळ आत्तीच्या हातात दिला. तिनं नारळ फोडला, पाणी शिंपडलं, आणि बसायला सांगितल्यावर मान हलवली. "माज्या आदी ते," म्हणाली आणि माझ्या खांद्यावरचं दप्तर काढून तिनं होडीच्या मधल्या फळीवर ठेवलं. नवं होतं, दादांनी आणलेलं. मग मला बसवलं, आणि मग ती बसली. वाडीनं टाळ्या वाजवल्या. या वेळी पुढची ओळ वाचायची नव्हती. हेडमास्तर शाळेच्या फाटकाशी उभे होते आणि पटावर माझ्या नावापुढं त्यांनी माझ्यासमोर 'हजर' लिहिलं.

पुढं मॅट्रिक, पुढं नर्सिंग, पुढं नोकरी. काही वर्षं वेल्ह्याकडं होते. गुंजवणी धरणाच्या पाण्यात शेतं गेलेल्या बाया दवाखान्यात यायच्या आणि काय काय बुडालं ते सांगत बसायच्या. मी तपासता तपासता ऐकत राहायचे. कुणी विचारलं की तुम्हाला काय कळणार, तर मी काहिलीचं सांगायचे. आत्ती गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होते. आई-दादाही गेले. वाडीत आता दहाएक घरं उरली आहेत, लाकडी होडी जाऊन इंजिनाची लाँच आली आहे, पूल होणार असं दर निवडणुकीला ऐकू येतं. मी बेंदराला जातेच.

परवाच्या बेंदराला लाँचवर नवा माणूस होता. खालच्या अंगाच्या कुठल्या वाडीचा, डोक्यावरचे केस निम्मे पांढरे, तोंडात तंबाखू. माझी जुनी खोड, माणूस दिसला की वय विचारायचं. मी विचारलं, "कितीचे हो तुम्ही?"

इंजिनाच्या आवाजात तो ओरडून म्हणाला, "कागुदावर काय लिवलंय म्हाईत न्हाई. पर आई म्हनायची, शेवंता आठवीला गेली त्या सालचा."

पाणी दोन्ही बाजूंना फाटत चाललं होतं. खाली कुठंतरी म्हातारी होती. मी विचारलं, "कोण शेवंता?"

त्यानं खांदे उडवले. "कोन की. आमच्या हिकडं सालाला तसंच म्हनत्यात," तो म्हणाला, आणि लाँच वाडीच्या काठाला लावली.